मूळ गाव, शिकायचे गाव

(नाशिक येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय आधी नाव विचारत नाही. ‘मूळ गाव कोणतं?’ हा त्याचा पहिला प्रश्न. गाव कळले, आडनाव कळले की तो घरातून लांबट, कडा काळवंडलेली नामावळीची वही आणतो, पाने उलटतो आणि आलेल्या माणसाचे पणजोबा कोणत्या साली, कोणाकोणाला घेऊन गंगेवर आले होते ते वाचून दाखवतो. माणूस नोकरीला सुरतेत असो की सिंगापुरात, वहीत तो येवल्याचाच असतो नाहीतर सिन्नरचा. वही फारशी हुज्जत घालत नाही.

जून उजाडला की शहरातल्या ‘आपले सरकार’ केंद्रांवर याच प्रश्नाची दुसरी रांग लागते. जुन्या सवयीने लोक अजूनही त्याला ‘सेतू’च म्हणतात. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये रेशनकार्ड, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला आणि चेहऱ्यावर ‘काहीतरी राहिलंय’ ही धास्ती. काढायचे असते वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे बोली भाषेत ‘डोमिसाइल’. अशाच एका रांगेत ऐकलेला संवाद सांगण्यासारखा आहे. वडील निफाडकडचे, नोकरी वापीच्या एका खाजगी कारखान्यात. मुलाची दहावी वापीला झाली, बारावी नाशिकला. नीटचे गुण बरे होते. मुलाचे डोमिसाइल निघणार होते, त्याची अडचण नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या एका जाणत्या पालकाने हळूच विचारले, ‘दहावी बाहेरची का?’ आणि वडिलांचा चेहरा उतरला. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. बदलीवर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सवलत आहे. खाजगी कारखान्यातल्या सुपरवायझरच्या मुलाला नाही. निफाडच्या वहीतला मुलगा प्रवेशाच्या वहीत परप्रांतीय झाला.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही दुसरी वही आहे. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या, नावाजलेल्या उच्चशिक्षण संस्थांत बाहेरून येणाऱ्या मुलांना किती जागा असाव्यात, त्या कोणत्या दाराने मिळाव्यात, आणि वर्गात चार गावांची, चार भाषांची मुले असणे ही शिक्षणातली गरज मानायची की चैन?

बाहेरचा कोण, हे ठरवण्यात महाराष्ट्राचा हात धरणारा कोणी नाही. राज्याबाहेरचा तो बाहेरचा, हे झालेच. पण राज्याच्या आतही बाहेरचे असतात. अभियांत्रिकीच्या कॅप राउंडमध्ये वर्षानुवर्षे ‘होम युनिव्हर्सिटी’ आणि ‘अदर दॅन होम’ अशी ७० आणि ३० टक्क्यांची विभागणी चालत आली. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते घरचे विद्यापीठ. मालेगावच्या मुलाचे घर पुणे विद्यापीठात, कारण नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत. मालेगावहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर धुळे. तिथली मुलगी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. दोघे एकाच एसटीने नाशिकला उतरले, एकाच महाविद्यालयाच्या फाटकातून आत गेले, गुणही सारखेच असले, तरी यादीत एक घरचा आणि एक पाहुणी. दोघांची अहिराणी मात्र एकच!

वैद्यकीय प्रवेशात हाच खेळ मोठ्या पटावर झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, आणि प्रत्येक भागातल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या भागातल्या मुलांना. मागास भागातल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांशी झुंजावे लागू नये, हा हेतू चांगलाच होता. पण जागा मोजताना एक गोष्ट निसटली. मराठवाड्यात महाविद्यालये मोजकी आणि उर्वरित महाराष्ट्रात भरपूर. त्यात लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या मुलांचे गुण वाढवले. जागा थोड्या आणि गुणवंत फार, असे झाल्यावर ज्याच्या रक्षणासाठी भिंत बांधली तोच भिंतीआड कोंडला गेला. मराठवाड्यातूनच ओरड वाढली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ही पद्धत रद्द झाल्याचे विधिमंडळात जाहीर केले. देशमुख लातूरचे, हाही एक योगच.

यावरून प्रदेशाचे राखीव दार मुळातच वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शेजारच्या जुन्या आंध्र प्रदेशात १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने उस्मानिया, आंध्र आणि श्री वेंकटेश्वर अशा विद्यापीठांचे प्रदेश पाडले आणि ८५ टक्के जागा स्थानिकांना दिल्या. त्यामागे तेलंगण आणि आंध्र या दोन्ही बाजूंच्या आंदोलनांची धग होती. राज्य फुटल्यावरही दहा वर्षे, २ जून २०२४ पर्यंत, सामाईक प्रवेशाची मुदत चालली. ज्या भागात शाळा उशिरा आल्या त्याला काही काळ आडोसा हवाच. मात्र आडोसा उभा केल्यावर दर काही वर्षांनी त्याच्या आत किती मुले आहेत ते मोजावे लागते, आणि हे मोजण्याचे काम कोणत्याच राज्याला आवडत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नावर सत्तर वर्षे डोके घातले आहे. पहिला मोठा खटला मराठी माणसाला ओळखीच्या गावातला, होळकरांच्या इंदूरचा. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना नव्हती. दिल्लीच्या जोशी नावाच्या विद्यार्थ्याने दाद मागितली. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. घटना जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करते, रहिवासावरून नाही, असा तो युक्तिवाद. जन्म आणि रहिवास यांतली ही फट आजपर्यंत बुजलेली नाही. सगळे ‘डोमिसाइल’ त्या फटीतूनच आत येते.

१९८४ चा प्रदीप जैन खटला मात्र दणदणीत होता. न्यायमूर्ती भगवतींनी भूमिपुत्रवादाचा खरपूस समाचार घेतला आणि एक मुद्दा असा मांडला की त्याने सेतूच्या रांगेतल्या प्रत्येकाने दचकावे. भारतात राज्याचा वेगळा ‘अधिवास’ असे काही अस्तित्वातच नाही, अधिवास एकच आणि तो भारताचा. म्हणजे जो दाखला काढायला लोक जूनमध्ये घाम गाळतात त्याचे नावच कायद्याच्या भाषेत चुकीचे! अर्थात नाव चुकीचे म्हणून तहसील कचेरीने तो देणे थांबवलेले नाही. एमबीबीएसच्या खुल्या जागांपैकी किमान ३० टक्के जागा देशभरच्या मुलांना गुणवत्तेवर द्याव्यात, असे त्या निकालाने सांगितले. आरक्षण धरून त्याचा हिशेब कसा करायचा यावर गोंधळ झाला, आणि पुढच्या निकालातून एकूण जागांच्या १५ टक्के हा आकडा पक्का झाला. आज पालकांच्या तोंडी ‘एआयक्यू’ म्हणून जो शब्द असतो तो हा कोटा. अगदी अलीकडे, २९ जानेवारी २०२५ रोजी, तन्वी बहल खटल्यात तीन न्यायमूर्तींनी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातला रहिवासाचा कोटा घटनाबाह्य ठरवला. खटला चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या ६४ जागांचा होता. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला या निकालाने हात लावलेला नाही.

याचा नाशिकशी संबंध जवळचा आहे. अभिमत विद्यापीठे आणि केंद्राच्या संस्था सोडल्या तर राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आवारातून दिंडोरीकडे जाणारा रस्ता दिसतो. दिंडोरीच्या पलीकडे पेठ आणि सुरगाणा, आणि तिथून हाकेच्या अंतरावर गुजरात. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या काही गावांनी रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत म्हणून ‘आम्हाला गुजरातमध्ये घाला’ अशी मागणी केली तेव्हा मुंबईतली मंडळी खडबडून जागी झाली. त्या पट्ट्यात शाळा, बाजार, दवाखाना जे जवळ असेल ते, मग ते वांसद्याचे असो की धरमपूरचे. तिथली एखादी आदिवासी मुलगी पलीकडच्या शाळेतून दहावी झाली तर अभियांत्रिकीला तिला पालकांच्या अधिवासावर वाट आहे. डॉक्टर व्हायचे म्हटले की दोन दाखले आडवे येतात. ज्या तालुक्याला डॉक्टर मिळत नाहीत त्याच तालुक्यातल्या मुलीला.

याच नियमपुस्तिकेत याच्या अगदी उलटे टोकही सापडते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात उमेदवारांचे ‘टाइप ए’पासून वर्ग पाडलेले असतात. त्यातला ‘टाइप ई’ हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी असा तो पट्टा. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्यांच्याविषयी विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकमुखी ठराव केला. म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, कर्नाटकात शिकलेला, कर्नाटकाचे रेशनकार्ड असलेला मुलगा महाराष्ट्राच्या वहीत घरचा. इथे राज्याने रहिवास बघितला नाही, भाषा आणि जुना जिव्हाळा बघितला. प्रस्तुत व्याख्यात्याला हा नियम मनापासून आवडतो. फक्त तो हेही सिद्ध करतो की सरकारच्या मनात आले तर दाखल्यापलीकडचे त्याला दिसते. काश्मीरमधून १९९० नंतर परागंदा झालेल्या पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणात जागा काढल्या गेल्या, आणि त्यामागे बाळासाहेब ठाकरे यांचा आग्रह होता. भूमिपुत्रांचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या नेत्याने परप्रांतीयांसाठी दार उघडावे, यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. मुले शिकली, हे खरे.

आता मुख्य तक्रार. महाराष्ट्रात बाहेरची मुले येत नाहीत असे मुळीच नाही. भरपूर येतात. पण ती बहुतांशी पैशाच्या दाराने येतात.

हे दार उघडले १९८३ मध्ये. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणीला प्रवरेचे, पुढच्या वर्षी नाशिकला के. के. वाघ शिक्षण संस्थेचे महाविद्यालय निघाले. ऊस आणि सहकार यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या संस्थांनी ग्रामीण मुलांना इंजिनिअर केले, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण इमारतीला पैसा लागतो, आणि तो पाटण्याहून, धनबादहून, लखनौहून आला. बिहारच्या विद्यापीठांत परीक्षा वर्षानुवर्षे रखडत. तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत मिळेल की सहा, याचा भरवसा नसे. ज्याला परवडे तो बाप मुलाला पवन एक्स्प्रेसमध्ये बसवी आणि नाशिकरोडला उतरवी.

पंचवटी, आडगाव नाका, कॉलेज रोडच्या त्या काळच्या घरमालकांना ही मुले आठवत असतील. ‘कॉट बेसिस’ हा शब्द तेव्हाच रुळला. एका खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येकी एक ट्रंक, खिडकीला दोरी, दोरीवर टॉवेल. मेसच्या आमटीत गूळ का घालतात, हे त्यांना कळत नसे. त्यांना रोज रात्री भाताऐवजी आधी पोळी का हवी, हे मावशींना कळत नसे. पहिल्या सत्रात भांडण, दुसऱ्यात समेट, तिसऱ्यात मावशी ‘माझी बिहारची पोरं’ म्हणू लागत. गणेशोत्सवात ढोल त्यांच्याच गळ्यात. पदवी घेऊन गेलेली ती मुले आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि ‘काय राव’ हे दोन शब्द अजून विसरलेली नाहीत.

पण प्रवेशाचे दार कोणते होते? गुणवत्तेचे नव्हे. राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. तो कसा पाळला गेला, हे सभागृहातल्या पालकांनीच एकमेकांना सांगावे. शेजारच्या कर्नाटकात तर दरपत्रकच होते. १९८९ च्या अधिसूचनेनुसार खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेवरच्या मुलाला वर्षाला २,००० रुपये, इतर कन्नडिगाला २५,०००, आणि कर्नाटकाबाहेरच्या भारतीयाला ६०,०००. मेरठच्या मोहिनी जैन हिने त्याला आव्हान दिले आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. नंतर उन्नीकृष्णन, टी. एम. ए. पै, आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांचा महाराष्ट्र सरकारविरुद्धचा खटला अशी मालिका झाली. शेवटी खाजगी संस्थांना अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा मिळाल्या, संस्थात्मक कोटा राहिला, आणि अभिमत विद्यापीठे देशभराला खुली राहिली, त्यांच्या फीसकट. दोन हजारांची जागा घरच्याला आणि साठ हजारांची परक्याला, हे सूत्र आकडे बदलून आजही चालते.

अमेरिकेतली मराठी कुटुंबे हे सूत्र ऐकून हसतील, कारण त्यांच्या घरचेच ते सूत्र. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात मराठी वस्ती भरपूर. तिथल्या मुलीला चॅपेल हिलच्या राज्य विद्यापीठात घरची फी, आणि तिच्या न्यू जर्सीतल्या मावसभावाला त्याच वर्गासाठी कित्येक पट. शिवाय त्या विद्यापीठावर १९८६ पासून राज्याबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा. अलाबामा विद्यापीठाने उलटा रस्ता धरला. राज्याचे अनुदान आटत गेले तशी बाहेरची, जास्त फी भरणारी मुले बोलावली, आणि आता तिथे निम्म्याहून अधिक मुले बाहेरची. टेक्सासने १९९७ मध्ये तिसरीच युक्ती काढली. राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी. शाळा गरीब वस्तीतली असो की श्रीमंत, दहा टक्के म्हणजे दहा टक्के. वंशाचा उघड विचार न करता वर्गात सरमिसळ साधणारा हा कायदा होता. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि चॅपेल हिल या दोघांच्याही प्रवेशातला वंशाचा विचार बाद केल्यावर आता सगळे टेक्सासकडे बघतात. लातूर पॅटर्नवर जीव टाकणाऱ्यांनी हा दहा टक्क्यांचा पॅटर्नही एकदा बघावा.

आता पैशाच्या दाराच्या विरुद्ध बाजूची तीन उदाहरणे. मोठ्या माणसांची उदाहरणे देणे सोपे असते, आणि त्यांत हजारो सामान्य मुले झाकली जातात, हे मान्य. तरीही ती द्यायला हवीत, कारण ती आपल्या अंगणातली आहेत.

म्हैसूर संस्थानातला एक हुशार, वडील लहानपणीच गेलेला मुलगा बंगळूरला पदवीधर झाला. अभियांत्रिकी शिकायचे तर पुण्याला जायला हवे होते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सने प्रवेश दिला, आणि १८८३ मध्ये तो मुंबई इलाख्यात पहिला आला. पुढच्या वर्षी इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्याची पहिली नेमणूक झाली ती आपल्या नाशिकला. पुढे त्याने खानदेशात काम केले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले आणि मग म्हैसूरचा दिवाण झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्या काळी पुण्यात कोणी त्याची दहावी कुठली ते विचारले असते, तर पहिला तोटा गोदाखोऱ्याचा झाला असता.

दुसरे उदाहरण नागपूरचे, आणि तेच प्रस्तुत व्याख्यात्याला सर्वांत मोलाचे वाटते. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या राज्यात वसतिगृहांमध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली मराठी मुले आणि हैदराबाद-वरंगळची तेलुगू मुले संपावर गेली. उस्मानिया विद्यापीठाने शेकडोंना काढून टाकले. काढलेल्या मुलाला दुसरे कोण घेणार? नागपूर विद्यापीठाने घेतले. अधिवास विचारला नाही, चारित्र्याचा दाखला मागितला नाही, ब्रिटिश सरकार काय म्हणेल याची फार फिकीर केली नाही. त्या मुलांत वंगार गावचा पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव होता. तो पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला आणि कायद्याची पदवी त्याने नागपुरातून घेतली. मराठी इतकी आत्मसात केली की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकच्या मतदारांनी त्याला लोकसभेवर पाठवले, आणि १९९१ मध्ये तो पंतप्रधान झाला. एका विद्यापीठाने चार परप्रांतीय मुलांना वर्गात बसू दिले, तर तेलुगू वाचकांना आपटे मिळाले. या व्यवहारात महाराष्ट्राच्या तिजोरीतून किती गेले असतील?

तिसरे उदाहरण साधेच आहे. सत्तरच्या सुमारास फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार. एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी रोज आत डबा देते, असे त्यांना दिसले. रेक्टरच्या मनात यायची ती शंका आली. चौकशी केली तर आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि मुलगी त्याच्याच देशातली. मुलींना आत यायला बंदी, म्हणून खिडकी. परक्या मुलाला परक्या गावात कोणी विचारत नाही, हे त्या डब्याने मुजुमदारांना दाखवले आणि १९७१ मध्ये सिम्बायोसिस निघाली. पुढे तिचे मोठे खाजगी विद्यापीठ झाले आणि फीही मोठी झाली. पण सुरुवात त्या डब्यापासून.

सरकारला हे जमत नाही असे नाही. १९६० मध्ये नागपुरात प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचेच नाव मिळाले आणि आज ते व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते. अशा सगळ्या संस्थांचा नियम स्वच्छ होता आणि आहे. निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना, निम्म्या देशाच्या बाकी मुलांना, दोन्हीकडे गुणवत्ता आणि फी सारखी. अमरावतीचा मुलगा आणि अलेप्पीची मुलगी एकाच प्रयोगशाळेत. साठ वर्षांत विदर्भावर यामुळे अन्याय झाल्याची मोठी ओरड कधी झाली नाही. बाहेरचा म्हणून जास्त पैसे नाहीत आणि घरचा म्हणून दयाही नाही. आपल्या राज्य विद्यापीठांनी हा नमुना डोळ्यांसमोर असूनही उचलला नाही.

उलट गंमत अशी की दिल्लीहून याचे गुण मिळतात. २०१६ पासून निघणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीत ‘प्रादेशिक वैविध्य’ नावाचा कप्पा आहे. इतर राज्यांतले आणि इतर देशांतले विद्यार्थी किती, यावर शंभरातले तीन गुण. एकीकडे प्रवेश नियम सांगतो बाहेरचा नको, दुसरीकडे क्रमवारी सांगते बाहेरचा आणा. मग संस्था अर्ध्या गुणासाठी आपल्या फलकांवर ‘बावीस राज्यांतले विद्यार्थी’ असे रंगवतात. ती मुले कोणत्या कोट्यातून आली, ते फलकावर नसते.

आणि हेही विसरता येत नाही की फलक रंगवला म्हणून गाव बदलत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरोधी आंदोलनाच्या धाकाने सातपूर-अंबडमधले हजारो उत्तर भारतीय कामगार गाठोडी घेऊन नाशिकरोड स्थानकावर बसून होते. त्या आठवड्यात वसतिगृहांतली मुले खोलीची दारे लावून बसली होती आणि डबेवाल्याशी मराठीतच बोलत होती. अनेक कारखान्यांची यंत्रे थंड पडली, तेव्हा मग मालकांना परके आठवले.

प्रस्तुत व्याख्यात्याचे मत सरळ आहे. राज्याच्या पैशावरच्या संस्थेत बहुतांश जागा राज्याच्या मुलांना मिळाव्यात, यात गैर काही नाही. कर भरणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि सुरगाणा-पेठेच्या मुलीचा तर आधी. पण उरलेल्या जागा विकल्या जाऊ नयेत. त्या गुणवत्तेवर, घरच्याच फीला आणि वसतिगृहासह द्याव्यात. पुणे विद्यापीठाच्या इतिहासाच्या, मानवशास्त्राच्या, भाषांच्या विभागांत वैद्यकीसारखी झुंबड नाही. तिथे मणिपूरच्या किंवा कालाहंडीच्या दोन मुलांसाठी जागा वाढवली तर कोणा मराठी मुलाची जागा जात नाही. प्रश्न राहण्याचा येतो. बाहेरच्या मुलाचा प्रवेश बहुधा यादीत हुकत नाही, तो वसतिगृहात हुकतो.

म्हणून शेवटची विनंती सरकारला नाही, या सभागृहाला आहे. महिन्याभरात प्रवेश सुरू होतील. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्यात, बंगळुरात, केरीत कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. गंगापूर रोडवर, इंदिरानगरमध्ये, पंचवटीत ज्यांची खोली रिकामी आहे त्यांनी ती यंदा एखाद्या बाहेरगावच्या मुलाला द्यावी. कराराचा कागद करावा, पोलीस पडताळणी करावी, भाडे वेळेवर घ्यावे. आणि दारावर ‘फक्त महाराष्ट्रीयन फॅमिली’ अशी पाटी असेल, तर ती आज रात्री घरी गेल्यावर काढावी.